पाच दिवसांनी दाखवायला या

कार्ड चांगलं जाड, गुळगुळीत कागदाचं होतं. वर रुग्णालयाचं रंगीत चिन्ह, मधे टाइप केलेली औषधं, खाली सही-शिक्का. परंडा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात ते टेबलावर उलगडलं तेव्हा त्याच्या घड्या मळून काळ्या पडल्या होत्या. कार्ड घेऊन आलेल्या मामांच्या नडगीला रोटाव्हेटरचं पातं लागलेलं. शहरात नेऊन जखम शिवली होती, आणि सुरेख शिवली होती. एकेक टाका सारख्या अंतरावर. फक्त तीन आठवडे उलटून गेले तरी टाके तसेच होते. दोन ठिकाणी दोरा कातडीत रुतला होता आणि भोवती पिवळा ओलावा धरला होता. कार्डावरची शेवटची ओळ इंग्रजीत होती : पाच दिवसांनी ओपीडीत दाखवणे. सिस्टरनं विचारलं, "मामा, दाखवायला का नाही गेलात?" मामा म्हणाले, "पेरणी चालू होती ना ताई. अन् दुखत बी नव्हतं मग."

यात हलगर्जी कोणाची म्हणायची, हे ठरवता येत नाही आणि म्हणूनच ते कार्ड डोक्यातून जात नाही. शिवणाऱ्यानं काम चोख केलं होतं. मामांनीही सांगितलेल्या गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या. चुकली ती एवढी एक ओळच. ती लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रिक्षानं दहा मिनिटांत येणारा माणूस होता. मामांना त्यासाठी पहाटेची मुक्कामी गाडी धरावी लागली असती, मधे एकदा गाडी बदलावी लागली असती आणि संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं परतावं लागलं असतं. तिकीट आता कोणाला अर्धं आहे, पंच्याहत्तरीपुढच्याला तर फुकटच आहे. पण सोबत येणाऱ्या पोराचा रोज बुडतो तो कोण भरून देणार? शिवाय मृगाचा पाऊस पडून वापसा आला की त्या चार दिवसांत जो पेरत नाही त्याचं वर्ष जातं. खरं तर एवढंच लिहायचं होतं : टाके किती घातले, न विरघळणारा दोरा वापरला, अमुक तारखेला काढावेत, जवळच्या उपकेंद्रात काढले तरी चालतील. चेहऱ्यावरचे टाके पाचव्या दिवशी निघतात, डोक्यावरचे सातव्या, पोटा-पाठीवरचे सात ते दहा दिवसांत, पायावरचे आणि सांध्यावरचे मात्र दहा ते चौदा दिवस ठेवावे लागतात, कारण तिथली कातडी ताणली जाते आणि रक्तपुरवठाही सावकाश. हे सिस्टरला पाठ असतं. चिमटा, कात्री आणि स्पिरिटचा बोळा तिच्याकडे असतोच. तिला फक्त कोणी सांगितलेलं नसतं.

गावातली आणि शहरातली डॉक्टरकी वेगळी आहे म्हणताना आपण बहुतेक यंत्रांबद्दल बोलतो. तिकडे सोनोग्राफी आहे, इकडे नाही. तिकडे स्पेशालिस्ट आहे, इकडे एमबीबीएस होऊन सक्तीच्या सेवेच्या बंधपत्रावर आलेला मुलगा. ते खरंच आहे. पण त्याखाली एक जास्त मोठा फरक आहे, आणि तो पेशंट पुन्हा येऊ शकेल की नाही याचा आहे.

संभाजीनगरात सिडकोत किंवा गारखेड्यात एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडे दोन दिवसांच्या तापाचं लेकरू येतं. डॉक्टर घसा पाहतात, छाती ऐकतात, पोट चाचपतात आणि सांगतात, पॅरासिटामॉल द्या, रक्त तपासून घ्या, उद्या दाखवा. लॅब शेजारच्या गाळ्यात, मेडिकल जिन्याखाली, रिपोर्ट रात्री मोबाईलवर. तिथं 'उद्या' हे एक औषधच आहे. निम्मे ताप त्या उद्यापर्यंत स्वतःच आपली ओळख सांगतात : अंगावर पुरळ येतो, कान फुटतो, नाहीतर सरळ उतरून जातात. वाट पाहण्याची सोय असेल तर कमी औषधांत भागतं. शहरातल्या चांगल्या डॉक्टरचं निम्मं कौशल्य या वाट पाहण्यात आहे आणि त्याबद्दल मला आदरच आहे.

आता तेच लेकरू घनसावंगीकडच्या एखाद्या वस्तीवरून प्राथमिक आरोग्य केंद्रात येतं. बाहेर लिंबाच्या पारावर बाया बसलेल्या, आत फिनेलचा वास, पंखा कुरकुरतोय, आणि आईच्या नजरेत एकच हिशेब : चारच्या गाडीनं परत जायचंय. तिला उद्या या म्हणण्यात अर्थ नसतो. त्यामुळे उद्या जे दिसलं असतं ते आजच तिच्या हाती द्यावं लागतं. डेंगीचा संशय असेल तर तिला सांगावं लागतं की ताप उतरला म्हणजे पोरगं सुटलं असं समजू नका. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतानाच खरा धोका असतो, कारण तेव्हाच रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं. पोट दुखायलंय, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडलेत, पोरगं गुंगायलंय, सहा तासांत लघवी नाही, हिरड्यातून रक्त. यातलं एकही दिसलं तर गाडीची वाट न पाहता १०८ ला फोन. हे सांगून झाल्यावर तिच्याकडून म्हणवून घ्यावं लागतं. नुसतं "कळलं का?" विचारलं तर "हो" येतं. "घरी सासूला काय सांगाल?" असं विचारलं की काय पोचलं आणि काय नाही ते कळतं.

औषधाचंही तसंच. पॅरासिटामॉलचं पातळ औषध पाच मिलीत १२५ मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५०चंही. डोस वजनाच्या हिशेबानं, किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. पहिल्या बाटलीतून सुमारे सात मिली, दुसऱ्यातून साडेतीन. गावाकडे बाटली संपली की दुकानातून दुसरी येते, आणि माप मात्र जुन्याच बाटलीचं चालू राहतं. शहरात ही चूक दुसऱ्या दिवशीच्या भेटीत सापडते. वस्तीवर ती लेकराच्या पोटात जात राहते. म्हणून मापाच्या झाकणावर नखानं किंवा पेननं रेघ ओढून द्यायची, आणि ही रेघ याच बाटलीची, हे दोनदा सांगायचं.

इंजेक्शनाचा हट्ट याच मुळातून आलाय असं मला वाटतं. गावातली माणसं अडाणी म्हणून सुई मागतात, असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे. एक दिवसाची मजुरी सोडून, उन्हात उभं राहून आलेल्या माणसाला एकाच भेटीत पूर्ण व्हायचं असतं. गोळी तीन दिवस घ्यायची, त्याला सुई आजच लागलेली दिसते. आणि समोरच्या खासगी डॉक्टरलाही माहीत असतं, हा पुन्हा येणार नाही. मग डेक्सा हे स्टेरॉइड आणि डायक्लोफेनॅक हे दुखणं मारणारं औषध एकाच सिरिंजमध्ये ओढलं जातं. दोन तासांत ताप गायब, अंग हलकं, डॉक्टरच्या हाताला गुण. पण त्या डेक्सानं टायफॉइड एकदोन दिवस झाकला जातो, शुगरवाल्याची साखर भडकते. मे महिन्यात दिवसभर घाम गाळून सुकलेल्या शरीरात डायक्लोफेनॅक सरळ किडनीवर जातं, आणि डेंगीत प्लेटलेट उतरलेल्या माणसाच्या कुल्ल्यात रक्ताची गाठ धरते. सलाइनचंही तसंच. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, साखर अजिबात नसते. ओआरएसच्या एका पाकिटात मीठ आहे, पोटॅशियम आहे, साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आहे, आणि तोंडानं पिता येणाऱ्याला ते सलाइनपेक्षा जास्त उपयोगी पडतं. पण पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवलं पाहिजे. घरोघर काय होतं, तर थोडं पाकीट एका पेल्यात ओतलं जातं. ते खारट होतं, लेकरू तोंड फिरवतं, आणि प्यायलं तर जुलाब उलट वाढतात. आता सगळ्या घरांत लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटल्या असतात. पाकीट देताना "ती बाटली गळ्यापर्यंत भरा, सगळं पाकीट त्यात टाका, उद्या उरलेलं फेकून द्या" एवढं म्हटलं की मापाचा प्रश्न संपतो.

जिथं एका तासाचाही उशीर चालत नाही तिथं हे अंतर अंगावर येतं. पावसाळ्यातल्या रात्री साप चावून माणूस आला की बाकी सगळी ओपीडी विसरावी लागते. शहरातल्या अपघात विभागात रक्त लॅबला जातं. आरोग्य केंद्रात लॅब म्हणजे एक काचेची नळी : नवी, कोरडी, साबणानं कधीही न धुतलेली. तिच्यात शिरेतलं दोन मिली ताजं रक्त घ्यायचं, हलवायचं नाही, टेबलावर वीस मिनिटं ठेवून द्यायची आणि मग एकदाच तिरकी करायची. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरसं. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा निरम्यानं धुतलेली असेल तर निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागावरच होते. मग विष नसताना सर्पविषाची लस जाते आणि तिची रिअॅक्शन भोगावी लागते. लस देताना रिअॅक्शन आलीच तर म्हणून ०.५ मिलिग्रॅम अॅड्रिनॅलिन सिरिंजमध्ये ओढून उशाला ठेवलेलं पाहिजे. पहिल्या दहा कुप्या, प्रत्येकीत दहा मिली पाणी. जोरानं हलवायचं नाही, फेस होतो. हळूहळू गोल फिरवायचं, मग सगळं सलाइनमध्ये घालून तासाभरात सोडायचं. लहान पोराला मोठ्याइतकाच डोस, कारण सापानं विष पोराचं वजन पाहून सोडलेलं नसतं. आणि हे सुरू करून मगच रुग्णवाहिकेत घालायचं. लस जवळ असताना नुसतं 'रेफर' लिहून पाठवलं, तर अंबाजोगाईच्या मोठ्या रुग्णालयापर्यंतचा तासभर विष मोकळंच काम करत राहतं.

मण्याराचं तर वेगळंच. दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, सूज नाही. माणूस पहाटे उठून म्हणतो, पोटात कळ यायलीय, घसा धरलाय. शहरात अशा माणसाचं पोट तपासलं जाईल, ईसीजी निघेल, कदाचित सोनोग्राफीही होईल, आणि त्यात कोणाचीच चूक नसेल. आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, काम केलेला डॉक्टर विचारतो, "रात्री कुठं झोपला होता?" जमिनीवर, असं उत्तर आलं की तो पापण्यांकडे पाहतो. पापण्या जड झालेल्या असतील तर पुढचं सगळं श्वासावर आहे. हा प्रश्न कुठल्याही यंत्रात नाही. तो घराची जमीन, खाट परवडते की नाही आणि धान्याच्या पोत्यांमागचे उंदीर माहीत असलेल्या माणसाला सुचतो.

विंचवाच्या विषावर प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी काम करते हे डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवलं ते रायगडमधल्या खेड्यापाड्यांत काम करताना, पेशंटच्या खाटेशेजारी रात्र रात्र बसून. माणूस मूळचा आपल्या मराठवाड्याचा, भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामातली मला सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही की ती गोळी तोंडानं घ्यायची आहे. लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि पुढे फुप्फुसात पाणी. हे सगळं थोपवायला अतिदक्षता विभाग गाठेपर्यंत थांबावं लागत नाही. फक्त गोळी साधी हवी. शहरातल्या दुकानांत रक्तदाबासाठी किंवा प्रोस्टेटसाठी तिची हळूहळू विरघळणारी जात ठेवलेली असते. ती इथं कामाची नाही, आणि ती फोडून देणंही बरोबर नाही.

पण गावाकडचं सगळं शहाणपण आणि शहरातलं सगळं यंत्र, अशी वाटणी करणं अन्यायाचं होईल.

रक्तदाबाच्या पेशंटकडे पाहा. गावात चूक होते ती खंडाची. गोळी सुरू झाली, डोकं दुखायचं थांबलं, गोळी बंद; आणि मग एक दिवस कापूस वेचताना हात लुळा पडतो. शहरात चूक होते ती दुहेरीपणाची. एक हृदयाचा डॉक्टर, एक शुगरचा, एक गल्लीतला. तिघांच्या चिठ्ठ्यांत वेगवेगळ्या नावांनी एकच अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी, आणि तिच्यामुळे घोटे सुजले म्हणून चौथा डॉक्टर लघवीची गोळी देतो. पिशवीतल्या सगळ्या पट्ट्या टेबलावर ओतायला सांगितल्या आणि मागच्या बाजूचं बारीक अक्षर वाचलं तर पाच मिनिटांत हे निस्तरतं. ती पाच मिनिटं दोन्हीकडे नसतात. मोजण्यातली घाईही दोन्हीकडे सारखीच : बसमधून उतरून किंवा जिना चढून आल्या आल्या पट्टा, तोही ब्लाउजच्या किंवा सदऱ्याच्या बाहीवरून, पाय लोंबकळते, हात अधांतरी, तोंडात नुकतीच मळलेली तंबाखू. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवलं, पाय जमिनीवर ठेवले, उघडा हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला तर कितीतरी लोकांचा आकडा खाली येतो, आणि त्यातल्या काहींची आयुष्यभराची गोळी टळते.

इन्सुलिन लिहून देताना घरात फ्रिज आहे का, हे विचारायला शहरात कोणाच्या लक्षात येत नाही. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, पत्र्याच्या घरात त्याहून वर. तिथं कपाटात ठेवलेली कुपी दिसते तशीच, पण साखर उतरत नाही. मग डोस वाढवला जातो, आणि नवी चांगली कुपी आल्यावर त्याच वाढवलेल्या डोसनं माणूस रात्री घामाघूम होऊन बेशुद्ध पडतो. उपाय जुनाच : मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, त्यात प्लॅस्टिकच्या डबीत कुपी, वर ओलं फडकं, सावलीत. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, आणि उघडलेली कुपी महिन्याभरात संपवायची. ज्यांच्याकडे फ्रिज आहे त्यांनी ती बर्फाच्या कप्प्याला चिकटवून ठेवायची नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

आणि शहर म्हणजे तरी कोणतं शहर? वाळूजच्या एमआयडीसीभोवती भाड्याच्या खोल्यांत जी पोरं राहतात ती गेवराई, मंठा, पाथरी इथलीच. एका खोलीत सहाजण, पाळीपाळीनं झोपणारे. गावात खोकला पंधरा दिवस टिकला तर आशाताई दारात येऊन थुंकीची डबी देऊन जाते. इथं दिवसा दार वाजवलं तर रात्रपाळीचा माणूस झोपलेला, आणि संध्याकाळी यावं तर तो कामावर. क्षयाचं औषध सहा महिने चालवायचं असतं; दोन महिन्यांत खोकला जातो, वजन वाढतं, खोली बदलते, कंत्राटदार बदलतो, आणि नोंदवलेला नंबर लागत नाही. दवाखाना चालत दहा मिनिटांवर, तरी हा माणूस परंड्याच्या मामांपेक्षा दूर आहे. गावात निदान कोणीतरी सांगू शकतं की तो कुठे गेलाय.

गावातल्या ओळखीला तिची किंमतही आहे. पांढरं जायचा त्रास सांगायला बाई मुद्दाम तालुक्याला जाते, कारण उपकेंद्रातली ताई तिच्या जावेची मैत्रीण असते. अशा दुखण्यांसाठी शहराचा अनोळखीपणा हा मोठाच आधार आहे. अंगावर काढलेलं हेच दुखणं पुढे चुकीच्या दारात नेतं. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये चव्हाट्यावर आला आणि शासनाला समिती नेमावी लागली, तेव्हा शस्त्रक्रियांची चर्चा खूप झाली. पण साधा जंतुसंसर्ग वेळेवर, कुणाला न कळता, सात दिवसांच्या गोळ्यांनी बरा करण्याची सोय तोडीच्या फडाजवळ नव्हती, यावर कमी बोललं गेलं.

काही केंद्रांवर एक साधी गोष्ट करतात ती मला फार मोलाची वाटते. पुढची तारीख आठवडी बाजाराच्या दिवसाची टाकायची. माणूस मिरच्या, बियाणं, चपला घ्यायला येणारच असतो. बीपीच्या ३० गोळ्याही त्याच फेरीत. बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट होते, सिस्टरला डबा खायला सवड मिळत नाही, पण पेशंट सुटत नाहीत. आणि महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी असते, ती बाजाराला जोडून आली तर त्या महिन्यात सासवाही सोबत येतात, मग सासूचंही बीपी मोजून होतं.

ऊसतोडीच्या टोळीला मात्र बाजाराचा दिवसही नाही. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथून दिवाळीच्या आगेमागे घरंच्या घरं निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. सातव्या महिन्यातली बाईही कोयता घेऊन जाते, कारण मुकादमाकडून आगाऊ रकमेची उचल जोडप्यावर घेतलेली असते. तिचं हिमोग्लोबिन निघण्याआधी मोजायला हवं. सातच्या खाली असेल तर ती तोडीला जाऊ नये म्हणून घरच्यांशी आणि मुकादमाशी बोलायला हवं, कारण तिला गोळ्या पुरणार नाहीत, रुग्णालयात शिरेतून लोह द्यावं लागेल, कधी रक्तही. सात ते दहामधल्यांना लोहाच्या रोज दोन गोळ्या, आणि महिन्याच्या नव्हे, तीन महिन्यांच्या एकदम द्यायला हव्यात. जेवणानंतर, चहासोबत नाही, आणि कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचं अंतर ठेवून. शौचाला काळं होतं, त्यानं घाबरून गोळी सोडू नका, हे आधीच सांगावं. बीपीवाल्या म्हाताऱ्याची, शुगरवाल्याची, क्षयाच्या पोराची औषधंही त्याच हिशेबानं. कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर आणि तिकडच्या आरोग्य केंद्राचा नंबर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावा, आणि कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्यावं, कारण खोपीत ओल असते. हे सगळं सप्टेंबर संपायच्या आत उरकायला हवं. ट्रॅक्टर कधी निघणार हे टोळीला कित्येकदा आदल्या रात्रीच कळतं.